कुवेतमधला एक वाचक

अमेरिकेच्या निवडणुकीत मला मत नव्हतं. माझ्या सात पिढ्यांत कुणाला नव्हतं. तरीही दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत मी ती निवडणूक ज्या पोटतिडकीने लढवली, तशी नाशिकच्या आमच्या वॉर्डाची एकही लढवली नव्हती. लढवली म्हणजे वाचली. कुवेतमधल्या आमच्या फरवानियाच्या बिल्डिंगमध्ये त्या वर्षी कुणीतरी गच्चीवर इंटरनेट आणून मजल्यामजल्यावर केबल सोडली होती. ती निळी वायर माझ्या खिडकीतून आत आली आणि तिच्यातून ब्लॉग आले.

ब्लॉग हा शब्द तेव्हा आमच्याकडे नवा होता. मी बायकोला समजावलं की अमेरिकेत आता साधी माणसं घरबसल्या स्वतःचं वर्तमानपत्र काढतात. त्यांना मालक नसतो, संपादक नसतो, त्यामुळे ती खरं लिहितात. ती म्हणाली, संपादक नसला की माणूस खरं लिहितो हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिच्या असल्या प्रश्नांना मी त्या काळात उत्तरं देत नसे.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर. त्र्याण्णव साली कुवेतला आलो आणि तेव्हापासून टाकीत तेल किती, पाइपात दाब किती हे सांगणाऱ्या उपकरणांवर माझं पोट चाललं. आमच्याकडे एक शिस्त असते. जिथे चूक झाली तर स्फोट होईल, तिथे एकाच मोजमापावर विसंबायचं नाही. एकाऐवजी तीन उपकरणं लावायची, आणि तिन्हींतली दोन जे सांगतील ते खरं धरायचं. ही शिस्त माझ्या अंगात इतकी मुरली होती की घरातलं घड्याळ मागे पडलं तरी मी आणखी दोन घड्याळं बघून ठरवत असे.

ब्लॉगही मी असेच तीन निवडले. पहिला एका शाळामास्तराचा. तो कुठल्याशा मक्याच्या शेतांच्या राज्यात राहायचा आणि रोज पहाटे लिहायचा. दुसरा सैन्यातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याचा. तिसरा टोपणनावाचा, तो माणूस कोण, बाई की बुवा, हेही कुणाला माहीत नव्हतं, पण मतचाचण्यांचे आकडे तो असे मांडायचा की आमच्या प्लँटमध्ये त्याला लगेच नोकरी मिळाली असती. एखादी गोष्ट तिघांतल्या दोघांनी लिहिली की माझ्या दृष्टीने ती झाली. तिघेही सत्तेवरच्या अध्यक्षाच्या विरोधात होते हे मला कळत होतं, पण त्यात मला दोष वाटत नव्हता, अक्कल वाटत होती. दुसऱ्या बाजूचेही एकदोन ब्लॉग मी उघडत असे. तिथे आज काय मूर्खपणा चाललाय तेवढं बघायचं आणि परत फिरायचं.

त्याच सुमारास बातमी आली की अमेरिकेची निवडणूक नीट होते की नाही हे बघायला परदेशी निरीक्षक जाणार आहेत. दोन्ही बाजूंच्या ब्लॉगांवर धुमश्चक्री उडाली. एका बाजूला तो देशाचा अपमान वाटला, दुसऱ्या बाजूला आशेचा किरण. मला फार मजा वाटली. एवढी वर्षं हे लोक जगभर निवडणुका तपासत फिरले, आता यांच्या दारात कुणीतरी वही घेऊन उभं राहणार. मीही स्वतःला तसाच एक निरीक्षक समजू लागलो. ऑफिसच्या प्रिंटरवर कागद छापायचे, घरी आणून तारखेप्रमाणे फायलीला लावायचे, महत्त्वाच्या ओळीखाली लाल रेघ मारायची. त्या फायलीची जाडी बघून बायको म्हणाली, पोरीच्या दहावीला एवढा अभ्यास केलात तर बरं.

शुक्रवारी सकाळी आम्ही मराठी मंडळी सबाह अल-सालेमला एका मित्राकडे पोहे खायला जमायचो. तिथे एका शुक्रवारी कुणीतरी, चटणीचं भांडं पुढे सरकवता सरकवता, म्हणालं की वाहतूक कंपन्यांनी आता नवे ट्रेलर घेणं थांबवलंय म्हणे. इराकचं काम आटोपणार असं त्यांना वाटतंय. विषय लगेच दुसरीकडे वळला. मी मात्र ते घरी घेऊन आलो, आणि शाळामास्तराच्या ब्लॉगखाली इंग्रजीत चार ओळी टाकल्या: इथे कुवेतमध्ये अशी चर्चा आहे की वाहतूक कंपन्यांनी ट्रेलर घेणं बंद केलंय, आव्हान देणारा उमेदवार जिंकेल आणि युद्ध गुंडाळलं जाईल असं सगळे धरून चाललेत. दुसऱ्या दिवशी मास्तराने त्या ओळी उचलून वर, मुख्य पानावर घातल्या. 'कुवेतमधला एक वाचक, युद्धाच्या उंबऱ्यावर बसलेला, कळवतो', अशी सुरुवात. माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तुटावीत. मी तो कागद बायकोला दाखवला, मुलीला दाखवला. मुलगी "कूल" म्हणून पुन्हा गृहपाठाला लागली.

आता खालच्या मजल्यावरच्या भाईंबद्दल सांगायला हवं. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. फरवानियाच्याच बाजारात एका विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर उभे असत. वीस वर्षं कुवेतमध्ये काढलेली, पण त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. मला ते साहेब म्हणायचे, माझ्या बायकोला भाभी. बाप लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, त्यांनीच कुवेतला आणलं. हा भाऊ तिशीचा, उंचापुरा, हसरा. आधी सुलैबियात एका शीतगृहाची भाजीची गाडी चालवायचा. युद्ध सुरू झालं तशी सीमेपलीकडच्या अमेरिकन तळांवर सामान नेणाऱ्या एका कंपनीने ड्रायव्हर गोळा केले, पगार जवळजवळ दुप्पट, आणि तो तिकडे गेला. आपल्या सरकारची मनाई होती, पण जाणारे जात होते. गावी आईला सांगितलं होतं की पोरगा कुवेत शहरात पाण्याचा टँकर चालवतो. त्या वर्षी ड्रायव्हरांना ओलीस धरल्याच्या बातम्या येत होत्या, आणि भाई त्या बातम्या दुकानातल्या टीव्हीवर उभ्यानेच बघायचे.

कंपनीचा करार नोव्हेंबरात संपत होता. आणखी एक वर्षाची सही करायची तर निवडणुकीच्या आधीच्या शनिवारपर्यंत करायची होती. इकडे सुलैबियाच्या शीतगृहाचा जुना मुदीर, म्हणजे मॅनेजर, त्याला परत घ्यायला तयार होता; फक्त कंपनीकडून सोडल्याचा, रिलीजचा कागद त्याच मुदतीत काढायला हवा होता. एकदा सही झाली की वर्षभर सुटका नाही. भाईंच्या मनात त्याने परत यावं असं होतं. भावाच्या मनात बहिणीचं लग्न आणि गावच्या घराचा स्लॅब होता. दोघांनी ठरवलं की साहेबांना विचारू.

तो रमजानचा महिना होता. आमची ड्यूटी दोनला सुटायची आणि पाचच्या सुमारास रोजा सुटायचा. भाईंनी मला इफ्तारला खाली बोलावलं. बायकोने भज्यांचं ताट दिलं. सतरंजीवर खजूर, कलिंगड, तांदळाच्या भाकरी, मटणाचं कालवण. भाऊ आदल्याच दिवशी वरून परतला होता. 'वर' म्हणजे इराक, ते असंच म्हणायचे. खाणं झाल्यावर भाईंनी विषय काढला, आणि मी फाइल उघडली.

मी काय काय बोललो ते मला शब्दशः आठवतं, दुर्दैवाने. मतचाचण्या सांगितल्या, कुठली राज्यं कुठे झुकलीत ते सांगितलं. आव्हान देणारा निवडून येणार, युद्ध आवरतं घेतलं जाणार, वसंतापर्यंत ताफे थांबणार. करार तर वर्षाचा आहे, मग कंपनी या ड्रायव्हरांना कुवेतमध्येच फिरवणार आणि पगार तोच राहणार. भाऊ मध्येच म्हणाला की त्यांच्या यार्डात गेल्या आठवड्यात नवे ट्रेलर येऊन लागलेत, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. मी म्हटलं, ती जुनी ऑर्डर असणार. तो म्हणाला, गेल्या दोन्ही खेपांना त्याने सिमेंटच्या उभ्या भिंती नेल्या, तळाभोवती लावायच्या. "जायाचंच हाय तर भिंती कशाला मागवतात, साहेब?" मी हसलो. त्याला म्हटलं की तुला रस्त्यावरून दिसतं तेवढंच दिसणार, निर्णय वॉशिंग्टनमध्ये होतात. आणि तिसऱ्या ब्लॉगचा ताजा कागद काढून लाल रेघ मारलेली ओळ वाचून दाखवली. तिचा अर्थ असा होता की आखातातले वाहतूकवाले युद्ध संपणार हे धरून चालले आहेत, याला दोन स्वतंत्र ठिकाणांहून दुजोरा मिळाला आहे.

भाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. मग म्हणाले, "साहेब, मी सातवी शिकलेला माणूस. तुमी तिथलं रोज वाचताव. सांगा, सही करू द्यावी का नको?"

"करू द्या," मी म्हटलं. "निश्चिंत मनाने करू द्या."

वर आल्यावर बायकोला सांगितलं. ती चिडली. तुम्हाला ठाम बोलायची काय गरज होती, म्हणाली. तिथे तुमचं कोण बसलंय? मी तिला टू आउट ऑफ थ्री समजावून सांगायला लागलो. ती भांडी घासायला निघून गेली.

शनिवारी भावाने सही केली. मंगळवारी तिकडे मतदान झालं. बुधवारी सकाळी मी ऑफिसला जाताना मिठाईचं खोकं घेऊन गेलो. रोजे असल्याने ते कपाटात ठेवलं, सुटताना वाटायचं म्हणून. आदल्या रात्री तिन्ही ब्लॉग विजयाचे ढोल बडवत होते. दुपारपर्यंत ढोल गप्प झाले. माझा कुवेती साहेब, जो महिनाभर शांतपणे सांगत होता की सत्तेवरचाच परत येणार आणि ज्याला मी मनातल्या मनात भाबडा ठरवलं होतं, माझ्या टेबलापाशी आला आणि मला बरं नाही का म्हणून विचारून गेला. ड्यूटी सुटल्यावरही मी ऑफिसात स्क्रीनसमोर बसून राहिलो; इफ्तारनंतर हरलेल्या उमेदवाराने हार मान्य केली. मी मिठाईचं खोकं घेऊन जिना चढत होतो आणि भाई उतरत होते. "तुमचा पडला म्हणायचा," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर माझ्याबद्दल वाईट वाटलं होतं.

त्यानंतर आठवडाभरात इराकमधल्या एका शहरावर मोठा हल्ला सुरू झाला, आणि ताफे थांबण्याऐवजी वाढले.

ईद झाली. एका गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी सकाळी ब्लॉग उघडले. तिसऱ्या ब्लॉगवाल्याने 'आमचं कुठे चुकलं' म्हणून लांबलचक लिहिलं होतं. त्याने प्रामाणिकपणे आपल्या चुकलेल्या बातम्यांची यादी दिली होती आणि प्रत्येकीसमोर ती कुठून घेतली ते लिहिलं होतं. वाहतूकवाल्यांच्या बातमीसमोर शाळामास्तर आणि निवृत्त अधिकारी, असे दोघे. मला शंका आली. मी फाइल काढली, कागद सोडवले आणि जेवणाच्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडले. निवृत्त अधिकाऱ्याने ती बातमी शाळामास्तरानंतर दोन दिवसांनी दिली होती, 'आखातातल्या वाहतूक क्षेत्रातून कळतं' असं म्हणून, आणि खाली बारीक अक्षरात मास्तराच्या ब्लॉगचा दुवा होता. मास्तराची बातमी म्हणजे कुवेतमधला एक वाचक. म्हणजे मी. आणि मी म्हणजे चटणीचं भांडं सरकवणारा तो माणूस.

मी लाल रेघ मारून भाईंना जी ओळ वाचून दाखवली होती, ती माझीच होती.

प्लँटमध्ये पूर्वी एकदा एका कंत्राटदाराने एका टाकीची तिन्ही उपकरणं एकाच तोटीवर जोडलेली मी पकडली होती. तोटी तुंबली की तिन्ही एकच खोटं सांगणार, आणि आपण ते तीन साक्षीदार म्हणून मानणार. त्या माणसाला मी सगळ्यांसमोर असा झापला होता की तो रडायचा बाकी राहिला होता. त्या गुरुवारी टेबलापाशी बसून मी स्वतःला झापायचा प्रयत्न केला, पण तेवढा आवाज निघाला नाही. बायको येऊन मागे उभी राहिली. मी तिला कागद दाखवत एकेक पायरी सांगितली. ती एवढंच म्हणाली की भाईंना सांगा. मी म्हटलं, सांगतो. सांगितलं नाही. सही झालीच आहे, आता सांगून त्यांची झोप कशाला उडवायची, असं मी स्वतःला पटवलं. खरं कारण एवढंच की मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

जानेवारीच्या अखेरीस भाईंनी आमची बेल वाजवली. कधी आत न येणारा माणूस आत येऊन खुर्चीवर बसला. भावाच्या पुढच्या ट्रकखाली स्फोट झाला होता. पुढचा ड्रायव्हर गेला. भाऊ वाचला, पण काचा तोंडावर आल्या होत्या. डावा डोळा काढावा लागला. त्याला कुवेतला आणलं तेव्हा भाई रोज दुकान सुटल्यावर दोन बस बदलून हॉस्पिटलात जायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. भाऊ झोपलेला होता. तो जागा होऊ नये असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याचं मला अजून वाईट वाटतं.

एका डोळ्याच्या माणसाला ट्रक कोण देणार? कंपनीने कागद पुरे केले, तिकीट दिलं. गावी जायच्या दिवसापर्यंत तो भाईंच्या खोलीत होता. मी जिना सोडून लिफ्ट वापरू लागलो होतो. शेवटी बायकोने सांगितलं, "आज तुम्ही खाली गेला नाहीत तर मी जाऊन सांगेन."

दुपारची वेळ होती. भाई दुकानावर होते. तो सतरंजीवर भिंतीला टेकून बसला होता, डोळ्यावर काळा चष्मा, शेजारी दोरीने बांधलेली दोन खोकी. त्याने उठायचा प्रयत्न केला. मी त्याला खांद्याला धरून बसवलं. आईसाठी काय काय घेतलं ते तो सांगत राहिला. आईला अजून डोळ्याचं सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर तिचं तिलाच दिसेल, म्हणाला.

मग त्यानेच विचारलं. "साहेब, भाई सांगत होता तुमाना पक्की खबर होती. कुणी दिलेली?"

मी म्हटलं, अमेरिकेतल्या तीन माणसांनी. ती इथे कधी आली होती का, त्याने विचारलं. नाही. वरचा रस्ता त्यांनी पाहिला होता का? नाही. मग त्यांना कुणी सांगितलं?

"मी," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, शाळामास्तरापासून लाल रेघेपर्यंत, जमेल तेवढं सोपं करून. सांगताना मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तो शांतपणे ऐकत होता, उजवी बाजू माझ्याकडे करून. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"आनि तुमाना कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"पोहे खाताना एकाने."

तो शेजारच्या खोक्याच्या दोरीची गाठ चाचपत राहिला. रागावला नव्हता. एखादी वाट आपण कुठे चुकलो ते ड्रायव्हर आठवून बघतात, तसं काहीतरी तो मनात मागे जाऊन बघत असावा.

"मी दर आठवड्याला जाऊन येत होतो, साहेब," तो म्हणाला. "मना विचारायचं होतं."

मी न विचारताच त्याने मला ते सांगितलं होतं, नवे ट्रेलर आणि त्या भिंती, याच सतरंजीवर बसून. तो विसरला होता, की माझी लाज राखत होता, हे मला त्या दुपारीही कळलं नाही आणि आजही ठरवता येत नाही.